मुंबईचे नाना

आंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकच्या कुठल्याही भावकीत तीन गोष्टी हमखास सापडतात: एक कुलदैवत, एक बांधाचा वाद आणि एक मुंबईचे नाना. कुलदैवताला वर्षातून एकदा जायचं असतं. वादापायी वडगावच्या कोर्टात तारखेला जायचं असतं. नानांकडं मात्र मनात येईल तेव्हा जाता येतं, आणि जाताना परतीची तारीख सांगावी लागत नाही.

नाना हे पद आहे. सरपंच निवडून येतो, पोलीस पाटील नेमला जातो. नाना मात्र मुंबईत खोली झाली की आपोआप होतात. या पदाला राजीनाम्याची सोय नाही. नातं सख्खं असो, चुलत असो, की उलगडायला तलाठ्याला जुने फेरफार काढायला लागावेत इतकं लांबचं असो, खोलीचा पत्ता एकदा गावात पोचला की तो सगळ्यांचा होतो. गावाचा अनुभव तर असा, की नातं जितकं लांबचं तितका मुक्काम लांबतो. सख्ख्या पुतण्याला थोडी तरी भीड असते.

मुंबईत लॉज आहेत, धर्मशाळा आहेत, हे टाकव्याला माहीत नाही असं नाही. पण टाकव्याचा माणूस लॉजवर उतरला, तर गावात त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर त्याचं नानांशी वाजलंय, नाहीतर लपवण्याजोगं काहीतरी काम काढलंय. दोन्ही बातम्या तो परत यायच्या आत कान्हे फाट्यावर चहाबरोबर संपलेल्या असतात. त्यापेक्षा नानांकडं उतरणं स्वस्त.

शिवाय मुंबई हा आमच्या लेखी परमुलूखच. नकाशावर ती शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. कुसूरच्या घाटानं उतरलं की खाली कर्जतचा मुलूख, आणि कर्जतहून मुंबईला लोकल जाते. पण घाटाच्या वर माणूस समोरून आला तर ‘कुठं निघालात?’ असं विचारतो, आणि घाटाखाली तो समोरून आला तर आपण बाजूला व्हायचं असतं, एवढा फरक या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत पडतो. जिथं कुणीच कुणाला कुठं निघालात विचारत नाही, त्या गावात ओळखीच्या माणसाशिवाय पाऊल कसं टाकणार?

म्हणून नानांना फोन जातो. पूर्वी पंधरा पैशांचं कार्ड जायचं आणि पाहुणा कार्डाच्या आधी पोचायचा. आता फोन असल्यामुळं पाहुणा घरातून निघता निघता कळवतो. कारण काहीही असतं. केईएममध्ये म्हातारीचे डोळे दाखवायचेत, टाटात रिपोर्ट न्यायचेत, पोराची पोलीस भरती आहे, लालबागच्या राजाला नवस आहे. काहींचं काहीच कारण नसतं. भाताची लावणी उरकलेली असते आणि मुंबई बघायची राहिलेली असते.

नाना फोनवर पाहुण्याला हुकूम सोडतात. “कान्ह्यावरनं लोकल धर. लोणावळ्याला सिंहगड पकड. कल्याणला उतरायचं न्हाई, ठाण्याला उतरायचं न्हाई, मग किती का माणसं उतरंनात. दादरला उतरायचं आणि हाय तिथंच उभं ऱ्हायचं. कुणी काय विचारलं तर ‘माणूस येतोय’ म्हणायचं. दुसरं बोलायचं न्हाई.”

हे ‘हाय तिथंच’ प्रकरण सोपं नाही. दादरला मध्य रेल्वेचे फलाट निराळे आणि पश्चिम रेल्वेचे निराळे, पण नंबर दोन्हीकडं एकपासूनच सुरू व्हायचे. एक नंबरला भेटायचं ठरवलेली दोन माणसं दोन एक नंबरांवर उभी राहून एकमेकांना शिव्या घालत. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनं शहाणपण केलं. पश्चिमेचे फलाट एक ते सात तसेच ठेवले आणि मध्यचे आठ ते चौदा केले. घोटाळा मिटला. फक्त नानांना हा बदल मान्य नाही. “रेल्वे काय, बोर्ड बदलती. फलाट हाय तिथंच हाय,” म्हणून ते अजून जुनेच नंबर सांगतात. पाहुणा बिचारा बोर्ड वाचतो. मग एक जण नव्या नंबरावर, दुसरा जुन्या. शेवटी नानाच त्याला हुडकून काढतात आणि वर सुनावतात, “तुला साधं उभं ऱ्हायलाबी जमलं न्हाई?”

नाना माणूस हुडकून काढतात याचं नवल वाटायला नको. ते डबेवाले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यानं मुंबईला जी माणसं दिली, त्यांतली ही सगळ्यांत वक्तशीर. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमाराला हा धंदा उभा केला आणि तेव्हापासून आमच्या डोंगरातली माणसं डोक्यावर दुसऱ्यांचं जेवण घेऊन मुंबईभर पळताहेत. डब्याच्या झाकणावर रंगानं खुणा असतात: कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठल्या स्टेशनावर उतरणार, कुठली इमारत, कितवा मजला. एवढ्या चार खुणांवर अंधेरीची भाजी नरिमन पॉइंटला गरमागरम पोचते.

नानांचं साधं गणित आहे: जे डब्याला लागू, ते पाहुण्याला लागू. दादरला ताबा मिळताच ते पाहुण्याच्या वरच्या खिशात एक चिठ्ठी घालतात. तिच्यावर चाळ नंबर, मजला, खोली. “डबा हारवत न्हाई, तू कसा हारवशील?” पाहुणा पदवीधर असला तरी चिठ्ठी चुकत नाही. एका पाहुण्यानं मोबाइलमध्ये नकाशा आहे असं सांगून पाहिलं. नानांनी त्याच्याकडं दयेनं बघितलं आणि चिठ्ठी दोनदा दुमडून आणखी खोल खोचली.

आता खोली. नानांचे वडील गिरणीत होते, तेव्हा त्यांना वरळीच्या बीडीडी चाळीत ती मिळाली. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यात सामाईक. टाकव्यात नानांच्या गोठ्याला याहून जास्त जागा आहे आणि तिथं तीनच जनावरं आहेत.

या १६० चौरस फुटांत नाना, नानी, दोन मुलगे, एक सून, एक नातू, एक कपाट, एक फ्रीज, देव आणि मोरी कायमचे राहतात. वर माळा आहे. माळ्यावर गावाकडच्या भावकीची ट्रंका-बोचकी आहेत. ‘पुढच्या खेपेला नेतो’ म्हणून ठेवलेली आणि ठेवणाऱ्याच्या पश्चात वारसांनीही न नेलेली. अशा खोलीत नवा माणूस मावणार कसा, हा प्रश्न फक्त पाहुण्याला पडतो. नानांना तो कधीच पडलेला नाही. लगेजच्या डब्यात चाळीस-चाळीस डब्यांच्या पाट्या एकीला एक लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला एक टाकवेकर आडवा करणं काय अवघड?

रात्री दहाला मांडामांड सुरू होते. मुलगे गॅलरीत. सून आणि नातू कपाटाच्या आडोशाला. नानी मोरीच्या उंबऱ्याशी, कारण पहाटे पाणी त्या भरणार. पाहुण्याला पंख्याखालची जागा. ही जागा मानाची असते आणि तिच्यावर झोप लागत नाही, कारण रात्रीतून ज्याला ज्याला उठायचं असतं तो तो पाहुण्याच्या अंगावरून जातो. दोन पाहुणे आले तर दुसरा दारात, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिसरा आला तर नाना शेजारच्या खोलीचं दार वाजवतात. शेजारी दापोलीचे असतात, त्यांच्याकडं आधीच कोकणातले दोन असतात. तरी दार उघडतं आणि आमचा एक आत जातो. या देवाणघेवाणीची नोंद कुठंही नसते आणि हिशेब दोन्हीकडं पाठ असतो.

पाहुणा म्हणजे देव, हे नानांनाही मान्य. पण नळाला पाणी यायच्या आधी देवानं उठलं पाहिजे. साडेचारला नाना टाळ्या वाजवतात. पाहुणा कुरकुरला, तर नाना त्याला इंग्लंडचा इतिहास सांगतात. २००३ साली युवराज चार्ल्स मुंबईत आले, तेव्हा त्यांना डबेवाल्यांना भेटायचं होतं. डबेवाल्यांनी डब्यांची वेळ मोडून भेटायला जायची तयारी दाखवली नाही. युवराजच चर्चगेटला आले, कामाच्या मधल्या वेळात, आणि भेट आटोपून पुन्हा डबे निघाले. “राजाच्या पोराला आमच्या टायमात यावं लागलं. तू कोण लागून गेलास? ऊठ, संडासाला लाइन लागली.”

चार्ल्स हा नानांच्या बोलण्यात घरातल्यासारखा येतो. प्रत्यक्षात त्या दिवशी नाना चौथ्या रांगेत होते आणि त्यांना टोपी नि एक कान एवढंच दिसलं. टोपी पुढच्या डबेवाल्याची होती. पण २००५ साली चार्ल्सच्या लग्नाचं आमंत्रण डबेवाल्यांना आलं, त्यांचे दोन प्रतिनिधी लंडनला जाऊन आले आणि नवरानवरीला साडी-फेट्याचा आहेर झाला, हे सगळं खरं आहे. नाना एवढ्यावर थांबत नाहीत. “आहेर केला की सोयरीक झाली,” असं त्यांचं मत आहे. राणी वारल्या तेव्हा त्यांनी एक दिवस गोड खाल्लं नाही. तसं डॉक्टरांनीच त्यांना गोड बंद केलेलं होतं, पण मन मोठं.

सकाळचा चहा झाला की शिकवणी. मुंबई कशी चालते, हे नाना पाहुण्याला खोलीतच शिकवतात, कारण बाहेर शिकवायला जागा नसते. मोरीचं दार म्हणजे लोकलचं दार. “गाडी थांबल्यावर चढायचं ह्ये गावाकडं. हितं गाडी थांबायच्या आधी आतली उतरत्यात आणि थांबल्यावर तू न चढतासुद्धा चढतोस. फक्त दिशा बघ. हात वर ठेव, खाली ठेवलास तर वर येणार न्हाईत. पाकीट पुढच्या खिशात. आणि अंधेरीला उतरायचं असंल तर विरार फास्टमधी चढायचं न्हाई. आतली उतरू देत न्हाईत.”

“का उतरू देत न्हाईत?”

“त्यांचा कायदा हाय.”

पाहुणा हे सगळं वहीत उतरवून घ्यायच्या तयारीत असतो. त्याला ठाऊक नसतं, की हे शास्त्र नानांनी ऐकीव ज्ञानावर उभारलंय. डबेवाले डबे घेऊन लगेजच्या डब्यातून प्रवास करतात. विरार फास्टच्या सामान्य डब्यात नाना अलीकडं चढले आहेत, याला पुरावा नाही. पुढं पाहुणा जेव्हा खरोखरच अंधेरीला उतरू न शकता बोरिवली बघून येतो, तेव्हा नाना मान डोलावतात. “मी सांगितलं व्हतं का न्हाई?” पाहुणा जितका हाल होऊन परततो, तितके नाना खूश. सुखरूप गेला नि सुखरूप आला, तर मग नाना हवेत कशाला?

तीच गोष्ट मुंबई दाखवण्याची. पाहुण्याला वाटतं, नानांना सगळी मुंबई पाठ असेल. ती पाठ आहेच, पण मागच्या बाजूनं. चर्चगेटपासून नरिमन पॉइंटपर्यंत कुठल्या इमारतीचा मागचा जिना कुठं उघडतो, कुठला लिफ्टमन डबेवाल्याला घेतो नि कुठला टाळाटाळ करतो, कुठल्या ऑफिसातल्या कुठल्या साहेबाचं पथ्य चालू झालं आणि कुणाच्या डब्यात घरून चिठ्ठ्या येणं बंद झालं, हे सगळं नाना सांगू शकतात. पण म्युझियममध्ये काय आहे विचारलं तर म्हणतात, “तिथं कोण जेवत न्हाई.” घारापुरीला ते गेलेले नाहीत. राणीच्या बागेत एकदा गेले, तेही नातवाचा डबा द्यायला. गेटवे ऑफ इंडिया त्यांनी पाहुण्यांना दाखवता दाखवता पाहिला; पहिल्या पाहुण्यालाही त्यांनी तो अशा सहजतेनं दाखवला, की आपण दोघंही पहिल्यांदाच बघतोय हे त्याला कळलं नाही.

लालबागला ओळख आहे, हा नानांचा आणखी एक खांब. “लाइनीत उभं ऱ्हायची गरज न्हाई, आपला माणूस हाय.” तो माणूस खरोखरच असतो. तोही त्याच्या गावच्या पाहुण्यांना घेऊन नवसाच्या रांगेत, आपल्या पुढं शंभर माणसं सोडून, उभा असतो. दोघं लांबून हात करतात. ओळख असते, हे सिद्ध होतं. दर्शन पहाटे.

या सगळ्या कारभारात नानी कुठं आहेत? त्या स्टोव्हच्या, आणि अलीकडं गॅसच्या, पुढ्यात आहेत. पाहुण्याला नाना घेऊन येतात, पण पाहुणा राहतो तो नानींच्या जिवावर. नानी मुंबईबद्दल काही शिकवत नाहीत. त्या फक्त संध्याकाळी विचारतात, “भाकरी किती टाकू?” आणि पाहुणा ‘दोन’ म्हणाला तर चार टाकतात, कारण आंदर मावळातला माणूस पहिल्या दिवशी लाजतो हे त्या स्वतः आंदर मावळातल्या असल्यानं जाणतात. कोण किती दिवस राहिला, कोण किती खाऊन गेला, हे त्यांना तोंडपाठ आहे. बोलून मात्र एकदाही दाखवलेलं नाही. नाना शंभरदा बोलून दाखवतात, पण त्यांना आकडा ठाऊक नसतो. त्यामुळं नात्यात वितुष्ट येत नाही.

पाहुणाही रिकाम्या हातानं जात नाही. तांदूळ हवाच. नानांच्या खोलीचं खरं भाडं पिढ्यान्‌पिढ्या तांदळातच पोचतं आहे. आधी आंबेमोहोर होता. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात इंद्रायणी तयार झाला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला; तेव्हापासून इंद्रायणी जातो. नाना दरवेळी घास नाकाशी धरतात आणि म्हणतात, “आंबेमोहोराची सर न्हाई.” मग तीनदा घेतात. मे महिन्यात करवंदं जातात, ती दादरपर्यंत अर्धी गळतात आणि सिंहगडच्या डब्यात कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर मावळची खूण राहते.

हेच नाना चैत्रात गावाला येतात तेव्हा बघावेत. जत्रांसाठी डबेवाले दरवर्षी काही दिवस सुट्टी घेतात आणि त्या दिवसांत अर्ध्या मुंबईला आपलं जेवण आपण न्यावं लागतं. कान्ह्याला उतरल्याबरोबर नानांची चाल बदलते. वरळीत पाणी भरणारे नाना टाकव्यात पाण्याची चव घेऊन बघतात. “पाणी जड झालंय.” डास जास्त झालेत. जीप वेळेवर सुटत नाही. माणसं चालत नाहीत, नुसती हालतात. चाळीत ज्यांना पाय पसरायला जागा नाही, ते पारावर पाय पसरून सांगतात, “मुंबईत कसं, लाइट म्हणून जात न्हाई.”

एकदा यावर पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले होते, “जाईल कशी? पाणी आमचं हाय.” आणि बोलणं तिथंच मिटलं. कारण ते खरं आहे. टाटांनी आमच्या आंदर मावळात ठोकळवाडीला आंद्रा नदी अडवली, पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडलं आणि १९२२ पासून तिथली वीज मुंबईच्या कामाला लागली. इथली खाचरं धरणाखाली गेली आणि तिकडं गिरण्या चालल्या. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्यातले काही त्याच गिरण्यांच्या दाराशी कामाला उभे राहिले असतील, तर त्यात आश्चर्य नाही. म्हणजे बघा, आधी मुंबई आमच्याकडं पाहुणी आली. मुक्काम शंभर वर्षांवर गेला आणि तिनं तांदूळही आणले नाहीत. तिच्या मानानं वरळीच्या खोलीत आठवडाभर राहिलेला टाकवेकर फारच भिडस्त म्हणायचा.

नानांच्या सरबराईची परतफेड गावानं कशी केली, हे २०२० साली दिसलं. मार्चमध्ये लोकल थांबल्या, ऑफिसं बंद झाली, डबे थांबले. मुंबईतले नाना मिळेल त्या वाटेनं घाट चढून वर आले. गावोगाव वेशींवर काट्या आडव्या पडल्या होत्या. मुंबईहून आलेल्यांची सोय झेडपीच्या शाळेत होती, चौदा दिवस. ज्यांच्या पंख्याखाली अख्खी भावकी निजून गेली, ते नाना तिसरीच्या वर्गात, ‘हात धुवा’ लिहिलेल्या फळ्याखाली निजले. जेवणाचा डबा रोज कुंपणाच्या अलीकडं ठेवला जाई आणि ठेवणारा दहा पावलं मागं सरके. नानांनी त्याबद्दल कुणाला दूषण दिलं नाही. डबा उघडायच्या आधी घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, “आज वीस मिन्टं लेट.”

आता नानांचं पदच धोक्यात आलं आहे. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट, घरात संडास, लिफ्ट. जागा तिपटीनं वाढली, आणि अशा घरांत पाहुणा नेमका कमी होतो. दारात वॉचमन असतो. तो नाव विचारतो, वर फोन लावतो, ‘टाकव्याचे कोणी आलेत, सोडू का?’ म्हणून विचारतो. सोडू का, हा प्रश्न चाळीला कधी कुणी विचारला नव्हता. घरात पलंग आला की जमिनीवर मांडायची माणसं कमी होतात. सुनेच्या पिढीला नोकरी आहे, नातवाला अभ्यासाची खोली आहे; त्यांचंही काही चुकत नाही. आणि आमची पोरंही आता सकाळी एक्स्प्रेसवेनं जाऊन रात्री परत येतात. मुक्कामच नाही, तर नाना कुठून?

पण हे पद नष्ट झालंय असं समजू नका. त्याची बदली झाली आहे, टाकवे बुद्रुकलाच.

टाकव्यात कंपन्या आल्या, त्यांच्या मागोमाग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ इथून माणसं आली. आम्ही खाचराच्या कडेला पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. अशा प्रत्येक ओळीत एक तरी नाना असतो. त्याला त्याच्या गावचे भैया म्हणतात, नाहीतर चाचा. त्याची खोली दहा बाय दहा. गावाकडून पोरगा निघाला की तो फोनवर सांगतो, पुण्याला उतर, लोणावळा लोकल पकड, तळेगावला उतरू नको, वडगावला उतरू नको, कान्हेला उतर आणि तिथंच उभा राहा. पोराच्या खिशात कंपनीचं नाव लिहिलेला कागद असतो. कान्ह्याच्या फलाटावर तो पोरगा छातीशी बॅग धरून जसा उभा असतो, तसा दादरच्या फलाटावर आमच्या गावचा कोण कोण उभा राहून गेलाय, हे सांगायला लागलो तर मतदारयादी वाचावी लागेल. त्या पोराच्या लेखी परमुलूख म्हणजे आमचं टाकवं. जिथली भाषा कळत नाही, सकाळी पुलावर कंपनीच्या बसगाड्या अडकतात आणि पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांमुळं गावातल्या गावात चालता येत नाही, असं ते गाव.

रात्री त्या खोलीतही मांडामांड होते. एक दारात, दोन पत्र्याच्या कडेला, नव्या पोराला पंख्याखाली. बाहेर भात शिजतो. पहाटे पाण्याला लाइन लागते आणि भैया टाळ्या वाजवतो. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर आडवे होतात.

आणि आम्ही, खोल्यांचे मालक, काय करतो? पारावर बसून बोलतो, ‘भाड्यानं चार म्हणून दिली, आत आठ राहतात. पाणी किती वापरतात! नवीन कोण आलाय, विचारून घेतलं पाहिजे.’ डोक्यामागं भाडं वाढवायचा ठरावही मध्यंतरी काही मालकांनी आपसात केला. योगायोगानं नाना जत्रेला गावात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मला त्या वक्ताला डोक्यामागं दिलं असतं, तर आज निम्मं टाकवं माझ्या नावावर असतं का न्हाई?” मालक हसले. ठराव बारगळला की नाही ते अजून नक्की नाही.

भाडं जरूर घ्यावं, वेळेवर घ्यावं, पोलीस ठाण्यात नोंदही करावी; कायदा आहे तो पाळावा. पण रात्री बॅटरी घेऊन डोकी मोजायला जाऊ नये. मोजायचीच हौस असेल त्यानं आधी वरळीला जाऊन यावं आणि आपल्या घरची किती माणसं त्या १६० फुटांत निजून गेली, हे विचारून यावं. नानांना विचारू नये, ते चार्ल्सवर जातील. नानींना विचारावं. त्यांच्याकडं भाकरींसकट हिशेब तयार आहे, आणि तो आमच्या कुणालाच फेडता येणारा नाही.